पावसाळ्यात पाइप ऑर्गनचा सूर आपोआप वाजत राहणे : तपासणी, उपाय आणि लास पिन्यासच्या बांबू ऑर्गनचा दाखला

लहान पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजणारे वाद्य, असलेल्या चर्चमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. जून सरता सरता एखादा सूर पट्टीवरून बोट उचलल्यानंतरही वाजत राहतो आणि हवा पुरवणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बंद केल्याशिवाय थांबत नाही. कारागीर येतो, पट्टीची कड घासतो किंवा नळीत हवा सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग ताणून देतो आणि तेवढ्यापुरता सूर बंद होतो. दिवाळीनंतर वाद्य निर्वेध चालते. पुढच्या पावसात मात्र तोच सूर, नाही तर त्याच्या शेजारचा सूर, पुन्हा अडकतो. या दोषाला ऑर्गनवादक ‘सायफर’ म्हणतात. तो एकदाच उद्भवला तर बहुधा झडपेत अडकलेल्या कचऱ्याचे कारण असते; पण ठरावीक ऋतूत दरवर्षी उद्भवत असेल, तर त्याचे मूळ एखाद्या पट्टीत किंवा झडपेत शोधणे व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे दिलेली माहिती एक किंवा दोन कीबोर्डांच्या, यांत्रिक जोडणीच्या आणि सरकत्या फळ्यांनी स्टॉप (म्हणजे एकाच जातीच्या नळ्यांची रांग) उघडणाऱ्या ऑर्गनसाठी आहे. विद्युतचुंबकांवर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये दोषाची कारणे बरीच वेगळी असतात. मराठी संगीत नाटकांमुळे आपल्या परिचयाचा झालेला पायभात्याचा ऑर्गन तर हार्मोनियमसारखे धातूच्या पत्तींचे (रीडचे) वाद्य आहे. त्यात नळ्या नसतात, त्यामुळे पुढील तपासणी त्याला लागू पडत नाही.

आधी एका ऑर्गनचा इतिहास

हा दोष समजून घेण्यासाठी मी नेहमी फिलिपिन्समधील लास पिन्यास येथील सेंट जोसेफ चर्चच्या बांबू ऑर्गनचे उदाहरण देतो. मनिलाच्या दक्षिणेस, उपसागराच्या काठावर असलेल्या या गावाचे ऋतुचक्र कोकणातील वाचकांना ओळखीचे वाटेल. तेथेही नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनच्या सुमारास येतो, हिवाळ्यात हवा कोरडी होते आणि वर्षातील मोठा काळ लाकूड ओलावा शोषत असते. अशा हवेत दोनशे वर्षे टिकून राहिलेल्या वाद्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ते वाद्य बांधणारे दिएगो सेरा हे स्पेनमधील आरागॉन प्रांतातील ग्राउस येथे १७६२ मध्ये जन्मले. ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघाचे हे धर्मगुरू १७९२ मध्ये फिलिपिन्समध्ये पोहोचले आणि १७९५ मध्ये लास पिन्यासचे पहिले पॅरिश धर्मगुरू झाले. चर्चची इमारत उभी राहत असतानाच, १८१६ मध्ये, त्यांनी ऑर्गनच्या कामाला हात घातला. नळ्यांसाठी त्यांनी त्या भूमीत मुबलक मिळणारा आणि कारागिरांच्या हाताला सवयीचा असलेला बांबू निवडला. तो कापून लगेच वापरला मात्र नाही. बांबू समुद्रकाठच्या वाळूत सुमारे वर्षभर पुरून ठेवण्यात आला आणि त्यानंतर कीड न लागता जे टिकले, तेच नळ्यांसाठी घेतले. माझ्या दृष्टीने या वाद्याच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, कारण नळीतून पहिला सूर निघण्याच्या कितीतरी आधी त्या सामग्रीला तिच्या आयुष्यभराच्या हवेशी जुळवून घ्यायला लावले गेले.

१८२१ पर्यंत बांबूच्या नळ्यांचा भाग वाजू लागला होता, पण समोर आडव्या पसरणाऱ्या स्पॅनिश धाटणीच्या तुताऱ्या बसायच्या होत्या. तुतारीला लागणारा झणझणीत नाद बांबूतून येत नाही, म्हणून त्या धातूच्या करण्यात आल्या आणि १८२४ मध्ये ऑर्गन पूर्ण झाला. एकूण १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आणि १२९ धातूच्या आहेत. भूकंप आणि वादळांनी चर्चला व ऑर्गनला सेरा यांच्या हयातीतच तडाखे दिले आणि पहिली दुरुस्तीही त्यांनाच करावी लागली. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढेही नैसर्गिक आपत्ती थांबल्या नाहीत आणि वाद्य बराच काळ वाजण्याच्या स्थितीत राहिले नाही.

१९७० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर याच कामात सापडते. ऑर्गन सुटा करून जर्मनीतील बॉन येथे योहानेस क्लाइस या ऑर्गननिर्मिती संस्थेच्या कार्यशाळेत नेण्यात आला. युरोपातील तापवलेल्या इमारतींमधील हिवाळी हवा इतकी कोरडी असते की तीत ठेवलेला बांबू भेगाळला असता, आणि तीत नेमकी बसवलेली जोडणी मनिलाला परतताच फुगून अडकली असती. म्हणून कार्यशाळेत एक खोली फिलिपिन्ससारख्या उष्ण-दमट हवेची करण्यात आली आणि काम त्या हवेत झाले. दुसरीकडे लास पिन्यासमध्ये वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा आणि त्यांचे सहकारी चर्चच्या इमारतीचे पुनरुज्जीवन करत होते. १९७५ मध्ये ऑर्गन परतला आणि त्या वर्षीच्या ९ मे रोजी ट्रियरच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक व्होल्फगांग ओएम्स यांनी त्यावर उद्घाटनाची मैफल केली. १९७६ पासून तेथे दरवर्षी फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत ऑर्गन महोत्सव भरतो. २००३ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या वाद्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. त्याच सुमारास झालेली पुढची मोठी दुरुस्ती परदेशात न नेता फिलिपिन्समधील ऑर्गननिर्मात्यांनी केली, आणि सेरा यांचेच नाव धारण करणाऱ्या कार्यशाळेने ती केली, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

या इतिहासातून आपल्या कामासाठी घ्यायचे ते एवढेच : वाद्य ज्या हवेत राहणार, त्याच हवेत ते दुरुस्त करावे आणि त्या हवेतील चढउतार होता होईल तेवढे कमी करावेत.

पावसात नेमके काय घडते

लाकडातील ओलाव्याचे प्रमाण भोवतालच्या हवेवर ठरते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना लाकडात साधारण ९ टक्के ओलावा असतो. ती बराच काळ ८० टक्के राहिली, तर हे प्रमाण १६ टक्क्यांकडे जाते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या रेषेत फुगते. कापण्याच्या दिशेनुसार ओकची ३०० मिलिमीटर रुंदीची फळी या फरकाने सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. सागवान त्या मानाने कमी फुगते, पण फुगत नाही असे नाही.

आता हे ऑर्गनमध्ये लावून पाहू. पट्टीपासून झडपेपर्यंत हालचाल नेणाऱ्या बारीक लाकडी ओढकाड्या उभ्या रेषांच्या असतात, म्हणून त्यांची लांबी बदलत नाही. त्यांना धरणाऱ्या आडव्या चौकटी आणि वरची हवेची पेटी मात्र जाडीत वाढतात, त्यामुळे जोडणीत ठेवलेली किंचित सैलपणाची जागा संपते आणि झडप केसभर ओढलेली राहते. एवढी फट नळीला सूर द्यायला पुरते. त्याच वेळी पट्टीच्या भोकात बसवलेला फेल्ट फुगतो व पिनेला घट्ट धरतो, म्हणून पट्टी वर येण्यास कुचराई करते. सरकत्या फळ्याही जाम होतात; स्टॉपची खुंटी आत ढकलली तरी फळी पूर्ण सरकत नाही आणि नळीखालचे भोक अर्धवट उघडे राहते.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते. पेटीची फळी आकसते, सरसाचे सांधे सुटतात, फळीला भेग पडते आणि एका सुराची हवा शेजारच्या घरात शिरते. तेव्हा दाबलेल्या सुराबरोबर बाजूचा सूर कण्हल्यासारखा, अशक्त आणि बेसूर ऐकू येतो. हा दोष सायफरसारखा भासतो, पण त्याची जात निराळी आहे, आणि म्हणूनच तक्रार कोणत्या महिन्यात येते हा माझा पहिला प्रश्न असतो. दमट दिवसांतील दोष अडकण्याचे असतात, कोरड्या दिवसांतील दोष गळतीचे. देशावर, जेथे मार्च ते मे हवा फार कोरडी असते आणि लगेच पाऊस येतो, तेथे एकाच वाद्यात दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसतात.

तपासणीचा क्रम

सूर वाजत असतानाच तपासणी करावी; ब्लोअर बंद करून वाद्य उघडले की पुरावा नाहीसा होतो. सर्वप्रथम सगळे स्टॉप बंद करावेत. सूर तरीही ऐकू येत असेल, तर कोणती तरी सरकती फळी पूर्ण बंद होत नाही, किंवा हवा फळीला वळसा घालून नळीपर्यंत पोहोचत आहे. सूर थांबला, तर एकेक स्टॉप स्वतंत्रपणे उघडून पाहावा. तोच सूर प्रत्येक स्टॉपवर वाजत असेल, तर दोष सर्व स्टॉपना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे त्या सुराची झडप किंवा तिच्यापर्यंतची जोडणी येथे आहे. तो एकाच स्टॉपवर वाजत असेल, तर झडपेला हात लावण्याचे कारण नाही. त्या स्टॉपच्या फळीखालील गळती शोधावी.

झडपेचा किंवा जोडणीचा संशय पक्का झाल्यावर पट्टी बोटाने हलकेच वर उचलावी. सूर थांबला तर घर्षण पट्टीत आहे. थांबला नाही, तर त्या सुराची ओढकाडी ज्या चामड्याच्या चकतीने अडकवलेली असते, ती चकती पाव फेरा सैल करावी. यामुळे सूर थांबला, तर चौकट फुगून ओढ ताणली गेली आहे, हे सिद्ध होते. ओढकाडी पूर्ण मोकळी करूनही सूर चालूच राहिला, तरच झडपेकडे वळावे. तेथे चामड्याला चिकटलेला लाकडाचा कण किंवा मेलेला किडा, कडक झालेले चामडे, गंजून अडलेली मार्गदर्शक पिन, दुबळी स्प्रिंग किंवा वाकडी झालेली झडप, यांपैकी काही तरी निश्चित सापडते. पेटी उघडण्यापूर्वी ती पट्टी चार-सहा वेळा झटक्याने दाबून सोडावी. कचऱ्याचे कारण असेल तर कण हवेबरोबर उडून जातो आणि पुढचे काम वाचते.

उपासना चालू असताना सूर अडकला, तर ज्या स्टॉपवर तो वाजत नाही तेवढेच स्टॉप वापरावेत. सर्वच स्टॉपवर वाजत असेल, तर त्या सुराच्या लहान नळ्या तोंडाला हात न लावता सरळ वर उचलून बाजूला ठेवाव्यात. धातूची नळी उघड्या मुठीत फार वेळ धरू नये, कारण हाताच्या उबेने तिचा सूर तेवढ्यापुरता चढतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. नळ्या परत बसवताना अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर कोरलेले सुराचे नाव पाहून घ्यावे.

जे करू नये

हार्मोनियमची पट्टी पावसात अडकली की तिची कड घासण्याची आपल्याकडे रीत आहे. हार्मोनियमची पट्टी बदलता येते, नवी करता येते, म्हणून तेथे ती रीत खपून जाते. शंभर वर्षांच्या ऑर्गनच्या पट्टीवरून जुलैमध्ये उतरवलेले लाकूड जानेवारीत परत येत नाही. मग पट्टी खुळखुळते, तिरकी बसते आणि शेजारच्या पट्टीला घासते, आणि पुढच्या पावसात तक्रार एका सुराऐवजी दोन सुरांची होते. फुगलेला फेल्ट दाबून मोकळा करण्यासाठी सपाट चिमटा असतो; तो हळुवारपणे वापरावा, आणि तोही पट्टी खरोखर घट्ट असल्याची खात्री करूनच.

सरकत्या फळ्यांवर तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा फवारा कधीही मारू नये. तेल लाकडात मुरते, धूळ धरते आणि काही वर्षांत फळी पूर्वीपेक्षा घट्ट बसते. कोरडे ग्रॅफाइट पुरेसे असते. स्प्रिंग ताणून झडप जबरदस्तीने बंद करण्याने पट्ट्या जड होतात आणि त्याही असमान जड होतात. वादकाच्या हाताला तो कीबोर्ड नकोसा होतो. सुटलेल्या सांध्यावर आधुनिक पक्का गोंद लावला, तर पुढे कोणालाही तो सांधा मोडल्याशिवाय उघडता येत नाही. सरस दमट हवेत कमजोर होतो हे खरे, पण तो ऊब आणि ओलाव्याने सोडवता येतो, आणि जुन्या कारागिरांनी वाद्य त्याच भरवशावर रचलेले असते.

जोडणीतील सर्व चकत्या पावसाळ्यात एकदम सैल करण्याचा मोह होतो. तसे केल्यास हिवाळ्यात झडपा अर्ध्याच उघडतील आणि सूर कमजोर वाजतील. ज्या सुरांची ओढ ताणली गेली आहे, तेवढ्याच चकत्या फिरवाव्यात आणि किती फिरवल्या याची नोंद ठेवावी, म्हणजे नोव्हेंबरमध्ये त्या पूर्ववत करता येतील.

मुळावर उपाय

ऑर्गनच्या पेटीच्या आत, नळ्यांच्या जवळ, एक साधा आर्द्रतामापक ठेवावा आणि वर्षभर आठवड्यातून एकदा त्याची नोंद घ्यावी. नोंदवहीत तारीख, आर्द्रता, तापमान, अडकलेला सूर आणि स्टॉप एवढेच लिहावे. एक पूर्ण वर्ष ही वही भरली की दोषाचे कारण कारागिराला सांगावे लागत नाही. ते वहीतच दिसते. कोणताही खर्च करण्यापूर्वी ही वही हवीच, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतर ब्लोअर हवा कोठून घेतो ते पाहावे. जागेच्या सोयीसाठी किंवा आवाज टाळण्यासाठी ब्लोअर बाहेरच्या खोपटात किंवा तळघरात ठेवलेला असतो आणि पावसाळ्यात तेथील ओली हवा थेट झडपांवर सोडतो. चर्चमध्ये कितीही काळजी घेतली तरी वाद्याच्या पोटातून जाणारी हवा तीच असते. ब्लोअरने ऑर्गन असलेल्या दालनातीलच हवा घ्यावी, अशी नळवाट करून द्यावी. या एका बदलाने पुष्कळ दोष आटोक्यात येतात.

वातानुकूलन असल्यास ते अखंड आणि सौम्य चालवावे किंवा ऑर्गनपासून दूर ठेवावे. फक्त रविवारी तीन तास हवा थंड व कोरडी करून उरलेला आठवडा दमट ठेवणे वाद्याला सर्वाधिक त्रास देते. सुरावरही त्याचा परिणाम होतो. तापमान १ अंश सेल्सिअसने बदलले की साध्या नळ्यांचा सूर सुमारे ३ सेंटने (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग) सरकतो. ८ अंशांच्या फरकाने तो जवळपास पाव अर्धसुराने उतरतो. तुतारीसारख्या पितळी जिभेच्या नळ्या मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात, त्यामुळे त्या बिघडल्यासारख्या ऐकू येतात. अशा वेळी शेकडो साध्या नळ्यांना हात लावण्याऐवजी नेहमीच्या तापमानाला परतल्यावर पुन्हा ऐकावे आणि गरज उरलीच, तर थोड्या तुताऱ्या जुळवून घ्याव्यात. लास पिन्यासच्या ऑर्गनमध्येही बांबूच्या साध्या नळ्या आणि धातूच्या तुताऱ्या एकत्र असल्यामुळे हाच नियम लागू होतो.

छप्पर, पन्हळी आणि भिंतीतील ओल हे विषय सहसा ऑर्गनच्या अंदाजपत्रकात येत नाहीत. ते यायलाच हवेत. लास पिन्यासमध्ये वाद्य आणि इमारत यांचे काम एकाच योजनेत झाले, आणि ते दीर्घकाळ टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे मी मानतो. ऑर्गनच्या पाठीमागची भिंत पावसात ओलावत असेल, तर झडपेचे नवे चामडे बसवून काहीही साधणार नाही. वाद्य आणि भिंत यांत हवा खेळण्यापुरती जागा राखावी आणि त्या जागेत गाद्या, जुनी बाके किंवा पुस्तकांचे गठ्ठे ठेवू नयेत. वाळवीची व लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. ताज्या भुशाचा लहानसा ढीग दिसला तरी तो गांभीर्याने घ्यावा.

आपल्या वाद्याचा इतिहास कसा वाचावा

कारागिराला बोलावण्यापूर्वी आपल्या ऑर्गनचा इतिहास स्वतः गोळा करावा, कारण दोष नवा आहे की जुना हे त्यावरूनच कळते. कीबोर्डच्या वर निर्मात्याच्या नावाची पाटी असते. आत, पेटीच्या फळ्यांवर, सर्वांत मोठ्या लाकडी नळीवर किंवा कीबोर्डच्या शेवटच्या पट्टीच्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि तारखा अनेकदा सापडतात. सूर जुळवणाऱ्यांची शेरे लिहिण्याची जागा बहुधा बाजूच्या दारामागे असते. या लिखाणाची छायाचित्रे घ्यावीत आणि ते पुसू किंवा रंगवू देऊ नये. चर्चच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत दुरुस्तीचे महिने पाहावेत. दर वेळी खर्च जुलै-ऑगस्टमध्ये पडलेला दिसला, तर निदान निम्मे झालेच.

ब्रिटिश काळात भारतात आलेल्या ऑर्गनांबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम बांधलेल्या वाद्यांत निर्माते सागवान किंवा महोगनी वापरत आणि सांध्यांना सरसाच्या जोडीला स्क्रू देत. आत असे सांधे दिसले, तर वाद्य या हवेचा विचार करून बनवलेले आहे आणि सध्याचा दोष नंतरच्या एखाद्या बदलातून, म्हणजे हलवलेल्या ब्लोअरमधून, बंद केलेल्या खिडकीतून किंवा नव्या वातानुकूलनातून आलेला असण्याचा संभव अधिक. सांधे केवळ सरसाचे असतील, तर आर्द्रता स्थिर ठेवण्याची गरज दुप्पट समजावी.

वही, छायाचित्रे आणि स्टॉपवार तपासणीचा निकाल हाताशी असूनही पुढील तीन गोष्टी दिसल्यास स्वतः काम थांबवून अनुभवी ऑर्गनकारागिराला बोलवावे : दोन किंवा अधिक शेजारी सूर एकत्र अडकणे, दमट व कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत गळती राहणे, आणि भाता सर्व स्टॉप बंद असतानाही लवकर बसणे. कारागिराची भेट शक्यतो ऑगस्टमध्ये, हवा पूर्ण दमट असताना ठरवावी, कारण डिसेंबरमध्ये त्याला दाखवायला दोषच उरलेला नसतो; आणि त्याने जोडणीचा मेळ बसवल्यावर त्याच दिवसाची आर्द्रता वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.